रीडर घरच्या मेजावर चालतो, कँटीनमध्ये का चालत नाही?

गोव्यातल्या साखळी गावच्या एका तरुण प्रोग्रामरचा प्रश्न थोडक्यात असा: कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या कँटीनसाठी, कार्ड टेकवलं की जेवणाचे पैसे वळते होतील असा प्रोग्राम त्यांनी पायथनमध्ये लिहिला. रीडर, म्हणजे कार्ड वाचणारं यूएसबी यंत्र, एसीआर१२२यू; कार्डं मायफेअर क्लासिक १के या नुसतं टेकवायच्या जातीची; शिल्लक कार्डातच. घरी दोन आठवडे बिनचूक चाललं. कँटीनच्या विंडोज मशीनला लावल्यावर तीन तक्रारी आल्या. कधी कार्ड दिसतच नाही, कधी एकाच माणसाचे दोनदा पैसे जातात, आणि वीज जाऊन आली की प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत रीडर सापडत नाही. कोड बदलू की रीडर, असं त्यांनी विचारलंय.

आधी रीडरखाली लाकडाची फळी घाला. चेष्टा करत नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत रीडर सरळ स्टीलच्या काउंटरवर ठेवलेला आहे, शेजारी भाजीपावाचा ट्रे. घरचं मेज लाकडी असणार.

या कार्डात बॅटरी नसते. रीडर १३.५६ मेगाहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करतो, कार्डातल्या तारेच्या वेटोळ्यात त्यातून वीज उत्पन्न होते, तेवढ्यावर चिप जागी होते आणि त्याच क्षेत्रात किंचित चढउतार करून उत्तर देते. खाली स्टीलचा पत्रा असला की त्यात भोवरे-प्रवाह फिरतात, क्षेत्राचा बराच भाग पत्राच खातो आणि रीडरच्या अँटेनाचा सूर बिघडतो. कार्ड चार बोटांवरून दिसायचं ते एका बोटावर येतं, तेही दिसतं-नाहीसं करत. दोन-तीन सेंटिमीटर जाड फळी किंवा अॅक्रिलिकचा ठोकळा मध्ये आला की बहुतेक वेळा काम भागतं. जागा नसेल तर फेराइटची चकती मिळते, पण फळी स्वस्त. माझ्या पहिल्या कामात फोंड्याच्या एका वाचनालयात लोखंडी टेबलावरच्या रीडरपायी मी तीन दिवस स्वतःचा कोड उकरत बसलो होतो. शेवटी तिथल्या शिपायाने पुसण्यासाठी रीडर उचलून जाड रजिस्टरवर ठेवला आणि तो चालू लागला.

हे सगळ्यात आधी सांगण्याचं कारण असं की ही दिसतं-नाहीसं होण्याची भानगड नुसती पहिल्या तक्रारीपुरती नाही. तुमच्या तीनही तक्रारी मला एकाच घरच्या वाटतात. टेकवलेलं कार्ड काम संपेपर्यंत जागेवर राहील, लावलेला रीडर दिवसभर लावलेलाच राहील, हे तुमच्या कोडने धरून ठेवलंय. मेजावर ते खरं होतं, कारण तिथे कार्ड तुमच्याच हातात होतं. कँटीनमध्ये ते भुकेल्या माणसाच्या हातात आहे.

पैसे दोनदा जाण्याकडे वळतो, कारण खरी गोम तिथे आहे.

तुमचा मुख्य लूप असा आहे: रीडरशी जोडणी कर, एफएफ सीए ०० ०० ०० पाठवून यूआयडी (कार्डाचा ओळख-आकडा) घे, शिल्लक वाच, वजा करून लिही, एक सेकंद थांब, परत पहिल्यापासून. (आदेशांचे बाइट हेक्सात, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत असतात; त्यातली अक्षरं मी बोलतो तशी लिहितोय, म्हणजे ए, बी, सी वगैरे.) एखाद्याने कार्ड रीडरवर ठेवून ताट घ्यायला दोन्ही हात पुढे केले की एका सेकंदाने दुसरं जेवण वजा! ‘आत्ताच वापरलेलं यूआयडी असेल तर सोडून दे’ अशी अट तुम्ही घातलीय, ती पाहिली. पण कार्ड न सापडल्याच्या फांदीत तुम्ही तीच आठवण पुसून टाकता. पत्र्यामुळे कार्ड क्षणभर नाहीसं झालं की आठवण पुसली जाते, आणि तेच कार्ड नवं गिऱ्हाईक म्हणून उभं राहतं. झाली ना पहिली तक्रार दुसरीची आई?

लूपमध्ये विचारत बसण्याऐवजी घटनेची वाट पाहा. पीसी/एससी या रीडरशी बोलण्याच्या प्रमाण पद्धतीत त्यासाठी एस-कार्ड-गेट-स्टेटस-चेंज हे फंक्शन आहे, पायस्कार्ड या पायथनच्या लायब्ररीत त्यावर बांधलेला कार्डमॉनिटर तयार मिळतो. फंक्शन थेट वापरणार असाल तर एक खाचखळगा: परत आलेल्या स्थितीच्या वरच्या सोळा बिटांत घटनांचा मोजणी-आकडा असतो. त्यामुळे स्थिती ‘कार्ड आहे’ या स्थिरांकाशी बरोबरीने तपासली तर ती जुळत नाही. बाकीचे बिट झाकून (मास्क करून) हवा तो बिटच बघायचा. शिवाय कार्ड निघून गेल्याची घटना आली तरी आठवण लगेच पुसू नका, तीन-चार सेकंद जाऊ द्या. रांगेत तोच माणूस इतक्यात दुसऱ्यांदा जेवायला येत नाही.

आता रीडरच्या आवाजाबद्दल, हे मला सगळ्यात आवडतं. एसीआर१२२यू कार्ड सापडल्याबरोबर आपणहून ‘टीं’ करतो. तुमच्या प्रोग्रामने अजून काहीच केलेलं नसतं. पण बस, एटीएम, हॉटेलच्या खोलीची कुलपं या सगळ्यांनी माणसाला शिकवून ठेवलंय की वाजलं म्हणजे झालं. तो कार्ड उचलतो. नेमकं तेव्हा तुमचं लिहिणं चाललेलं असतं. एफएफ ०० ५२ ०० ०० हा आदेश द्या, सापडल्यावरचा आवाज बंद होतो. मग सगळं लिहून, परत वाचून, ताडून झालं की एफएफ ०० ४० ने सुरू होणाऱ्या दिवा-आवाजाच्या आदेशाने तुम्ही स्वतः वाजवा. एवढ्या एका बदलाने अर्धवट सुटलेली कार्डं किती कमी होतात ते बघाच. पूर्वी आम्ही काउंटरवर ‘कार्ड हलवू नये’ अशी पाटी लावली होती. कोणी वाचली नाही.

तरीही कार्ड मध्येच जाणारच. वजाबाकीच्या वेळी आत काय होतं ते बारकाईने बघू. क्रम असा: एफएफ ८२ ने सहा बाइटांची किल्ली रीडरच्या तात्पुरत्या स्मृतीत घालायची, एफएफ ८६ ने ब्लॉकसाठी (कार्डाच्या स्मृतीतला सोळा बाइटांचा कप्पा) ओळख पटवायची (किल्ली ए साठी ६०, बी साठी ६१), एफएफ बी० ने सोळा बाइट वाचायचे, मग लिहायचं. शिल्लक व्हॅल्यू ब्लॉकमध्ये (रकमेसाठीच्या खास मांडणीच्या ब्लॉकमध्ये) असेल तर कार्ड आधी वजाबाकी आपल्या आतल्या रजिस्टरमध्ये करतं आणि ‘ट्रान्सफर’ झाल्यावरच ती ब्लॉकमध्ये उतरते. वजाबाकी आणि ट्रान्सफर यांच्यामध्ये कार्ड उचललं तर काहीच घडलेलं नसतं. ट्रान्सफर झालं, पण त्याचं उत्तर तुमच्यापर्यंत पोचायच्या आत उचललं तर पैसे गेलेले असतात आणि तुम्हाला दिसते फक्त चूक. दोन्ही वेळा प्रोग्रामला मिळणारी खूण सारखीच. विंडोजकडून ८०१०००६९, म्हणजे कार्ड काढलं गेलं, किंवा रीडरकडून नुसतं ६३ ००. हा रीडर जवळजवळ प्रत्येक अपयशाला ६३ ०० च म्हणतो, कारण सांगत नाही.

तुमच्या कोडमध्ये यावर ‘चूक आली तर पुन्हा प्रयत्न कर’ असं आहे. दुसऱ्या प्रकारात तो पुन्हा प्रयत्न म्हणजेच दुसरी वजाबाकी. म्हणून आंधळेपणाने पुन्हा पाठवायचं नाही. आदेश पाठवण्याआधी मशीनच्या डिस्कवर एक नोंद लिहा: हे कार्ड, जुनी शिल्लक एवढी, होणारी शिल्लक एवढी, व्यवहार क्रमांक अमुक, स्थिती अपूर्ण. उत्तर ९० ००, म्हणजे ‘ठीक’, आलं आणि परत वाचल्यावर आकडा जुळला तर नोंद पूर्ण करा. उत्तर आलं नाही तर पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘कार्ड पुन्हा टेकवा’ एवढंच. तेच कार्ड परत आलं की आधी फक्त वाचा. होणारी शिल्लक दिसली तर काम झालेलंच होतं, नोंद बंद करून ताट द्या. जुनी दिसली तर नव्याने वजा करा. यातलं काहीच दिसलं नाही तर मालकाला बोलवा, प्रोग्रामने अंदाज बांधायचा नाही. माणूस वैतागून तसाच निघून गेला तर नोंद उद्यापर्यंत अपूर्ण राहील, राहू द्या. उद्या तो जेवायला येणारच आहे.

व्हॅल्यू ब्लॉक न वापरता साध्या ब्लॉकमध्ये आकडा लिहीत असाल तर लिहिता-लिहिता वीज तुटून सोळा बाइट अर्धेमुर्धे राहण्याचीही शक्यता असते. व्हॅल्यू ब्लॉकमध्ये तोच आकडा तीनदा असतो, त्यातला एकदा उलट बिटांत, त्यामुळे बिघाड निदान कळतो. दोन ब्लॉक आलटून पालटून वापरले तर मागचा चांगला आकडाही हाताशी राहतो. डेसफायर या जास्त सुरक्षित जातीच्या कार्डात ही काळजी चिपच घेते: ‘कमिट’ येईपर्यंत बॅकअप असलेल्या फाइलींतला कुठलाच बदल खरा धरत नाही.

मुळात शिल्लक कार्डात ठेवूच नका, असंही सांगेन. मायफेअर क्लासिकचं क्रिप्टो-१ हे गुप्तलेखन २००८ साली सगळ्यांसमोर उघडं पडलं, नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी ते सविस्तर मांडलं. आज ते फोडायची साधनं कोणालाही मिळतात. त्यात तुमच्या कार्डांची किल्ली अजून कार्ड बनवणाऱ्याकडून आलेलीच आहे, सहाही बाइट एफएफ. कारखान्यातल्या एखाद्या हौशी पोराने स्वतःच्या कार्डात पाच हजार भरून घेतले तर तुमचा प्रोग्राम त्याला नमस्कार करून ताट देईल. शिल्लक मशीनच्या डेटाबेसमध्ये असावी, कार्ड फक्त माणूस कोण ते सांगणारं. वर सांगितलेली अपूर्ण नोंदीची पद्धत तेव्हा आणखी सोपी होते, कारण कार्डावर काही लिहायचंच नसतं. कँटीनचं नेटवर्क पावसात जातं हे मला माहीत आहे, पण डेटाबेस त्याच काउंटरच्या मशीनवर ठेवून रात्री मुख्य ऑफिसला पाठवायला काय हरकत आहे?

पण म्हणून नुसत्या यूआयडीवर विसंबून राहू नका. यूआयडी बदलता येणारी नकली कार्डं बाजारात मिळतात. चार बाइटांचे आकडे आता एकमेव असतीलच याची हमी नाही. फोन टेकवला तर तो बहुधा दर वेळी ०८ ने सुरू होणारा वेगळाच आकडा देतो. पैशाच्या कामाला डेसफायर घ्या, त्यात एईएस किल्लीने ओळख पटवता येते. मालक खर्चाला तयार नसेल तर निदान क्लासिकच्या किल्ल्या बदला आणि रोजचा खर्च मर्यादेत ठेवा. किल्ल्या बदलताना प्रत्येक सेक्टरचा (चार ब्लॉकांच्या गटाचा) चौथा ब्लॉक सांभाळून. त्यात किल्ल्यांच्या मधोमध हक्कांचे बाइट असतात (नवीन कार्डावर एफएफ ०७ ८० ६९), ते चुकीचे लिहिले तर तो सेक्टर कायमचा बंद. सोळा सेक्टर आहेत म्हणून पहिले पाच-सहा हकनाक घालवू नका, शिकायला वेगळं कार्ड ठेवा.

यूआयडी साठवण्याची पद्धतही बदला. तुमच्या टेबलात तो पूर्णांक आहे. कारखान्याच्या गेटवर जुना कीबोर्डसारखा टाइप करणारा रीडर आहे, तो याच कार्डाचा वेगळा आकडा देतो, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. कार्ड तेच आहे, बाइट उलट्या क्रमाने वाचले गेलेत. ०१ ०२ ०३ ०४ हे बाइट एका बाजूने वाचले तर १६९०९०६० होतात, दुसऱ्या बाजूने ६७३०५९८५. हेक्स मजकूर म्हणून साठवा, सात बाइटांपर्यंत जागा ठेवा आणि क्रम एकदाच ठरवून टाका. चार बाइटांचं यूआयडी ८८ ने सुरू होताना दिसलं तर ते सात बाइटांच्या कार्डाचं अर्धंच वाचन आहे असं समजा.

पाकिटासकट टेकवणाऱ्यांचं काय? पाकिटात बँकेचं कार्डही असतं, आणि रीडर दोघांतलं कुठलंही एक पुढे करतो. जोडणी झाल्यावर मिळणारा एटीआर, म्हणजे कार्डाची जात सांगणारे बाइट, आधी बघा. क्लासिक १के चा एटीआर ३बी ८एफ ८० ०१ ने सुरू होतो. पुढे त्यात ए० ०० ०० ०३ ०६ ही पीसी/एससी गटाची खूण येते, मग एक ०३, आणि त्यानंतरचे ०० ०१ म्हणजे क्लासिक १के. तिथे ०० ०२ असेल तर ४के. हे न जुळणाऱ्या कार्डाला आदेशच पाठवू नका, ‘पाकिटातून कार्ड काढा’ असं सांगा. किल्ली चुकली की क्लासिक कार्ड गप्प होतं आणि नव्याने जोडल्याशिवाय बोलत नाही, तेव्हा चुकीच्या ओळखीवरून पुढचा ब्लॉक वाचायला जाण्यात अर्थ नसतो.

आता विजेची तक्रार. विंडोज ८ पासून मशीनला लावलेला शेवटचा रीडर निघाला की स्मार्ट कार्ड सेवा (रीडर सांभाळणारा विंडोजचा भाग) स्वतःच थांबते, आणि रीडर परत आला की पुन्हा सुरू होते. वीज डुचमळली, यूएसबी हबने डोळे मिटले, रीडर क्षणभर गेला की सेवा थांबली. तुमच्या प्रोग्रामने सकाळी सुरुवातीला घेतलेला कॉन्टेक्स्ट (सेवेशी बोलण्याचं सत्र) त्या थांबलेल्या सेवेचा होता, तो मेला. तुम्ही त्याच मेलेल्या कॉन्टेक्स्टवर दर सेकंदाला रीडरची यादी मागत राहता आणि ८०१०००१ई किंवा ८०१०००१डी, म्हणजे ‘सेवा थांबली’ किंवा ‘सेवा चालू नाही’, येत राहतं. प्रोग्राम पुन्हा सुरू केला की नवा कॉन्टेक्स्ट मिळतो, म्हणून चालतं. हे दोन आकडे दिसले की जुना कॉन्टेक्स्ट सोडून द्या, थोडं थांबून नवा घ्या, रीडरची यादी नव्याने मागा. नावावर भरवसा ठेवू नका, परत लावल्यावर त्यातला शेवटचा आकडा बदललेला असू शकतो. स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब घ्या आणि यूपीएसवर फक्त मशीन नाही, तो हबही लावा. गोव्यात जून ते सप्टेंबर हा सल्ला चहाइतकाच रोजचा.

घरच्या लिनक्सवर रीडर मुळीच दिसत नसेल तर कारण वेगळं. कर्नलचं पीएन५३३ मॉड्यूल रीडर आधीच धरून बसतं, मग पीसीएससीडीला, म्हणजे लिनक्सवरच्या रीडर सांभाळणाऱ्या सेवेला, तो मिळत नाही. मॉड्यूल काळ्या यादीत टाका, मग पीसीएससी-स्कॅन चालवून बघा.

पुढे संपर्कवाल्या (खाचेत घालायच्या) कार्डांचं काम घेणार आहात असं लिहिलंय, म्हणून दोन गोष्टी. टी=० या पद्धतीने बोलणारं कार्ड उत्तराऐवजी ६१ आणि पुढे एक आकडा देतं, म्हणजे ‘एवढे बाइट तयार आहेत, मागा’. तेव्हा ०० सी० ०० ०० आणि तो आकडा पाठवून उत्तर आणायचं. ६सी आलं तर लांबी चुकली, पुढच्या आकड्याने तोच आदेश परत द्यायचा. जावाची लायब्ररी हे गुपचूप करते, पायस्कार्ड करत नाही, त्यामुळे जावात चाललेला क्रम पायथनमध्ये आणल्यावर डेटा रिकामा दिसतो आणि माणूस कार्डाला दोष देतो.

दुसरी गोष्ट पिनची. ६३ सी२ म्हणजे पिन चुकली आणि दोन प्रयत्न उरले. ६९ ८३ म्हणजे संपलं. इथे ‘पुन्हा प्रयत्न कर’चा लूप कधीही, कुठेही ठेवायचा नाही. हे मी कडू अनुभवाने सांगतो. एका कंत्राटदाराच्या डिजिटल सहीच्या टोकनसाठी मी सही करणारा छोटा प्रोग्राम लिहिला होता. कनेक्शन तुटलं तर परत प्रयत्न कर, असा एक सर्वसाधारण लूप त्यात होता आणि पिन तपासणंही त्याच्याच आत होतं. निविदा भरायच्या शेवटच्या दिवशी त्यांच्या मुलाने पिन टाकताना एक आकडा चुकवला. माझ्या लूपने दोन सेकंदांत उरलेले सगळे प्रयत्न खाऊन टाकले. सही जिने होते ती खासगी किल्ली टोकनच्या बाहेर कधीच येत नाही, हीच तर त्याची थोरवी, म्हणून दुसरीकडून आणायचीही सोय नाही. नवं प्रमाणपत्र काढावं लागलं, निविदा गेली. कंत्राटदार काही बोलले नाहीत, चहा पाजला. शिव्या परवडल्या असत्या.

तेव्हा रीडर तोच ठेवा. फळी, आवाज, घटना, अपूर्ण नोंद आणि नवा कॉन्टेक्स्ट, याच क्रमाने बदल करा, एकेक करून, म्हणजे कशाने काय सुटलं ते कळेल. तपासणी घरून रिमोट डेस्कटॉपने करायचा मोह टाळा. त्या सत्रात दूरच्या मशीनचा रीडर दिसत नाही, तुमच्याच मशीनला लावलेले रीडर दिसतात. ‘रीडर सापडत नाही’ म्हणून तुम्ही साखळीत डोकं धरून बसाल आणि तिकडे कुंडईत तो बिचारा ठणठणीत असेल. प्रत्यक्ष जा, आणि दहाच्या चहाला नव्हे, जेवणाच्या सुट्टीत. काउंटरच्या या बाजूला उभे राहा आणि लोकांच्या हातांकडे बघा.